उतरंडीचं तोंड कुणीकडं

हौसरावचा उजवा हात त्याच्या ताब्यात कधीच नव्हता. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो उठायचा, कानाखाली जाळ काढायचा आणि परत मांडीवर येऊन बसायचा. मग हौसराव विचारायचा, "हां, काय म्हणत हुता?" तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या मारल्या, पुढं गुडघा गेला, फड सुटला, पण हाताला ते कुणी कळवलंच नाही. शिरूरच्या स्टँडवर त्यानं कंडक्टरला हाणलं, कारण यष्टी उशिरा आली. ड्रायव्हरला हाणलं, कारण ती लवकर सुटली. केबलवाल्याला हाणलं, कारण मॅच रंगात आली असताना लाईट गेली. लाईटीचा आणि केबलवाल्याचा काही संबंध नसतो, असं एका शहाण्यानं मधे पडून समजावलं. त्याचे दोन दात अजून चावडीपुढं कुठंतरी पडलेत.

गाव उंबरमाळ, घोडनदीच्या काठचं. एकेकाळी सगळं गाव मेंढरांमागं फिरायचं, आता एका जागी बसून कांदा लावायचं. फिरत्या माणसाला भांडण अर्धं टाकून पुढच्या मुक्कामाला जावं लागतं. बसल्या माणसाला ती अडचण नाही. त्यामुळं कांद्याबरोबर भांडणंही बारमाही झाली.

हौसरावला एकच लेक, सोनम. आई नव्हती. पोरगी गोरीगोमटी नव्हती, पण तरतरीत. बघायला आलेल्यांना पसंत पडायची. मग पाव्हणे बापाकडं बघायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. आंबळ्याच्या स्थळाला तर तेवढाही वेळ मिळाला नाही. मुलाचा मामा नुसतं म्हणाला, "चहा जरा फिका हाय," आणि पुढच्या क्षणी मामा गोठ्यात होता.

त्या रात्री सोनम जेवली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, तुम्ही मारा. खुशाल मारा. मी हितंच म्हातारी व्हते आन् तुम्ही मारलेल्यांला हळद लावत बसते."

हौसरावला कुणी काठी घातली तरी लागत नसे; हे लागलं.

पुढं पाटसचं स्थळ आलं. मुलगा रविराज, सणसवाडीला एका कंपनीत कामाला. सोनमनं त्याला एका लग्नात बघितलं होतं, त्यानंही हिला बघितलं होतं, आणि दोघांनी जे ठरवायचं ते पंगतीत वाढता वाढताच ठरवलं होतं. राहिला प्रश्न रविराजच्या बापाचा. भिमाजी पाटसचा ऊसवाला. आवाज असा, की शेजारच्या फडातली टोळी आपलंच नाव घेतलं म्हणून कोयता टाकून यायची. त्यानं निरोप धाडला: "पोरगी चांगली हाय म्हणत्यात, बाप मारका हाय म्हणत्यात. सुपारी फुटंपर्यंत बापानं एकदा जरी हात उचलला, तर आम्ही तिथनंच माघारी."

हौसरावनं सोनमच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. सोनमनं डोकं जरा आवरूनच धरलं होतं.

आता हात वळवळायला लागला की करायचं काय? त्याला एक जागा होती. गावाबाहेरच्या माळावर तीन दगड एकावर एक उभे होते. कुणी रचलेले नव्हते. खालचा बसलेल्या म्हशीएवढा, त्यावर एक चपटा, पाट्यासारखा, आणि सगळ्यात वर भरल्या हंड्याएवढा गोटा. तोही असा कलता, की बघणाऱ्याला वाटावं, गेला. जात मात्र नव्हता. वारा सुटला की झोपेतल्या पोरागत जरासा हलायचा आणि परत गप. गाव त्याला उतरंड म्हणायचं.

मागं एकदा हौसराव हातात धोंडा घेऊन एकाच्या मागं पळत माळावर आला होता. दम खायला उतरंडीपाशी थांबला, वर बघितलं. गोटा हलला, थांबला. हौसराव बघत बसला. दिवस कलला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाच्यातरी मागं लागलो होतो. कुणाच्या, ते काही केल्या आठवेना. तेव्हापासनं तो तिथं जाऊन बसायचा. इतक्या अडचणीत तीन दगडं एकमेकांच्या अंगावर बसलीत आणि एकाचंही दुसऱ्याशी काही म्हणणं नाही, याचं त्याला फार नवल वाटायचं. गावात दोघं एका बाजेवर बसले तर तिसरा येईपर्यंत बाज मोडलेली असायची.

गावाला मात्र उतरंड कौलासाठी लागायची. म्हाळू भगत वरच्या गोट्याच्या दोन्ही खांद्यांना भिजवलेल्या तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा आणि देवाला सवाल टाकायचा. उजवा दाणा आधी पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई. म्हस विकू का, हीर कुठं पाडू, पोरीला पुण्याला देऊ का, सगळं गाव त्या दोन दाण्यांवर चालायचं.

भिमाजी ट्रॅक्स भरून माणसं घेऊन आला. पोहे झाले, चहा झाला. हौसराव उजव्या हातावर स्वतः बसून होता. भिमाजी म्हणाला, "पोरगी पसंत. पर मी देवाचा माणूस. तुमच्यात कौल हाय म्हणत्यात. देव व्हय म्हणला, की सुपारी हितंच फोडू."

"देव न्हाई कशाला म्हणंल?" म्हाळू म्हणाला, आणि सगळे माळावर निघाले. पाव्हण्यांच्या मागं गाव निघालं, कारण पाटसचे पाव्हणे आणि हौसराव एकाच माळावर म्हणजे काहीतरी बघायला मिळणार, याची सगळ्यांना खात्री होती.

म्हाळू नेहमीच्या जागी उभा राहिला. गाव पाठीशी, समोर उतरंड, पलीकडं नदी. जमलेली माणसं त्याच्या मागं. भिमाजीला कुणी जागा दाखवली नाही म्हणून तो आपला मोकळ्यात, पलीकडं नदीच्या अंगाला जाऊन उभा राहिला. म्हाळूनं दाणे लावले, एक शाळेच्या अंगाला, एक मसणवाट्याच्या अंगाला. "ही सोयरीक करू का, सांग रं देवा," म्हणून हात जोडले. गोटा जरासा हलला. शाळेच्या अंगाचा दाणा टपकन पडला.

"उजवा!" म्हाळू ओरडला.

"डावा!" भिमाजी ओरडला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मधे उतरंड.

"उजवा हाय पाव्हणं. माझ्या उजव्या हाताला पडला," म्हाळू म्हणाला.

"माझ्या डाव्या हाताला पडला की!"

"तुमी उलट्या बाजूला हुबं हाय."

"उलट्या बाजूला तुमी हाय! कौलात देवाचा उजवा धरत्यात, भगताचा न्हाई. आमच्या म्हस्कोबाला तोंड हाय, मिशा हायत. देवाचा उजवा तो उजवा."

"मग मी काय दुसरं सांगतो? देवाचं तोंड नदीकडं हाय. मी त्येच्या पाठीमागं हुबा. त्येचा उजवा त्यो माझा उजवा."

"पाठीमागं?" भिमाजीचा आवाज नदीपार गेला. "देवाच्या पाठीमागं हुबं राहून कौल लावता व्हय रं? देव काय गाडीला जुपलेला बैल हाय? देव भक्ताकडं तोंड करून असतो. म्हंजी तोंड गावाकडं. म्हंजी पडला त्यो डावा. सोयरीक न्हाई!"

 हौसरावच्या उजव्या हातात मुंग्या आल्या. त्यानं हात बंडीच्या खिशात कोंबला.

"आप्पा," रविराज पुढं झाला, "नदीकडंच असंल की तोंड. पाणी बघत असंल देव."

खाडकन आवाज झाला. भिमाजीनं लेकाच्या कानफटात ठेवून दिली होती. "तुला कुणी इचारलं? बापापेक्षा देवाची तुझी जास्त वळख?"

हे त्या दिवसाचं पहिलं मारणं. एवढ्यावर भागलं असतं. पण मागं गर्दीत नकुशी उभी होती. कांदा भरायच्या कामावर मुकादम होती, हिशोबाला पक्की. ती पुढं आली.

"म्हाळूभावजी, ह्या माणसाशी लगीन करू का, म्हणून माझ्या बापानं इचारलं हुतं, तवा कुठल्या अंगाचा दाणा पडला?"

"शाळंच्या अंगाचा. मला याद हाय. उजवा."

"आन् त्यो जर डावा आसंल, तर?"

 नकुशीनं शांतपणे पायातली चप्पल काढली आणि नवऱ्याकडं वळली.

"अगं, पोरं मोठी झाली की आता!" नवरा मागं सरकत म्हणाला.

"ती देवाला न इचारता झाली!" आणि पहिली चप्पल बसली.

मग गावाच्या डोक्यात उजेड पडला. एकेकाला आपापला कौल आठवायला लागला. बबनराव, पंचायतीच्या इलेक्शनला अर्ज मागं घेतलेला माणूस, एकदम ताठ झाला. "मला मसणवाट्याच्या अंगाचा पडला हुता! मी बसलो घरी, आन् ह्यो झाला सरपंच!" त्यानं सरपंचाची टोपी काढली, बाजूच्याच्या हातात नीट दिली, आणि सरपंचाच्या टाळक्यात नारळ घातला. देवाला आणलेला नारळ फुटला. टाळकं टिकलं, पण सरपंच उभ्या उभ्या खाली बसला. "माझी म्हस!" कुणीतरी किंचाळलं. "इकायची नव्हती! अरं दुभती म्हस!" आणि जो म्हस घेऊन गेला होता त्याच्या पोटात डोकं घालून दोघं उताराला लागले. ज्याची हीर कोरडी गेली तो सुरुंगवाल्याला शोधत फिरत होता. स्वतः म्हाळू भगत कपाळाला हात लावून उभा होता. मेंढरं विकून जमीन घ्यायचा सवाल त्यानंच टाकला होता, त्याच जागी उभा राहून. त्यानं पहिल्यांदा स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. मग बरं वाटलं असावं, म्हणून दुसरी शेजारच्याला मारली.

घडीभरात गावाचे दोन पक्ष पडले. ज्यांचं कौलानं भलं झालं होतं ते म्हणायला लागले, देवाचं तोंड नदीकडं. ज्यांचं वाटोळं झालं होतं ते म्हणायला लागले, गावाकडं. म्हणणं थोडकंच होतं, मग दगडं उचलली. पाटसची माणसं सुरुवातीला लांबनं बघत होती. एक ढेकूळ त्यांच्यातल्या एकाच्या फेट्यात बसलं, तशी तीही कुठला पक्ष वगैरे न विचारता आत शिरली. कुणाचं नाक फुटलं, कुणाचा खांदा निखळला. एकाच्या कानाचा लचका तुटला आणि तो कान धरून "चावला कोण ते सांगा" म्हणत फिरला. नकुशीच्या नवऱ्यानं उतरंडीभोवती फेऱ्या धरल्या होत्या. ती उलट्या बाजूनं येऊन समोरनं हाणायची. रविराजच्या पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे बूट होते. तो बिचारा कुणाला मारत नव्हता, नुसता वाट काढत होता, पण ज्याच्या नडगीला त्याचा पाय लागला तो माणूस नंतर आषाढापर्यंत बाजेवरच होता.

आणि या सगळ्यात हौसराव खिशात हात घालून उभा.

हे पहिल्यांदा बबनरावाला दिसलं. बबनरावानं पूर्वी हौसरावचा मार खाल्लेला होता. तसा कुणी नव्हता खाल्लेला? चुकून धक्का लागल्यासारखा तो जवळनं गेला आणि कोपर मारलं. हौसरावनं नुसतं बघितलं. बबनराव पळाला, थोडं पुढं जाऊन थांबला, मागं वळला. "अरं," तो हळूच म्हणाला, "ह्यो मारत न्हाई!"

बातमी वणव्यागत पसरली. नदीवाले, गाववाले, सगळ्यांनी आपापली भांडणं तात्पुरती बाजूला ठेवली. ज्याचे दोन दात गेले होते तो लांबनं धावत आला आणि हौसरावच्या जबड्यावर ठोसा मारून "ह्यो पहिल्या दाताचा" म्हणाला. केबलवाल्यानं मनगटाला गुंडाळलेली वायर सोडून पाठीत ओढली. एकजण तर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर बसवून घेऊन आला. म्हाताऱ्यानं काठी टेकवल्यासारखी मारली आणि समाधानानं रडायला लागला. हौसरावच्या भुवईतनं रक्त डोळ्यात उतरलं, गुडघा तर आधीच गेलेला. त्यानं उतरंडीकडं बघितलं. वरचा गोटा एवढ्या धुमश्चक्रीत आपला हलत होता, थांबत होता. हौसरावनं दात आवळले आणि सोनमचं डोकं डोळ्यापुढं आणलं.

तेवढ्यात भिमाजीला कुठनंतरी पहार सापडली.

"तुमचं मिटतच न्हाई न्हवं?" तो गरजला. "उतरंडच न्हाई, तर तोंड कुठलं आन् उजवा कुठला!" आणि त्यानं पहारेचं टोक चपट्या दगडाखाली घालून खाली दाब दिला.

चपटा दगड करकरला. वरचा गोटा कलला, आणि या खेपेला थांबला नाही.

हौसराव गुडघा विसरला. दोन पावलांत उतरंडीला भिडला आणि घसरता गोटा छातीवर झेलला. बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. गोटा राहिला, पण आता तो हौसरावच्या दोन्ही हातांवर उभा होता. सोडला की गेला.

"सोड!" भिमाजी पहार टाकून मागनं आला. "सोड म्हणतो!" त्यानं जोडा काढला आणि हौसरावच्या पाठीवर, मानेवर, डोक्यात सडासड सुरू केली. "मारका हाय म्हणत्यात न्हवं? उचल की हात! उचल! बघू तुझा हात!"

"पाव्हणं," हौसराव धापा टाकत म्हणाला, "हात मोकळा न्हाई."

ठण्ण असा आवाज झाला. भिमाजीचे डोळे फिरले, जोडा हातातनं गळला, आणि तो जागच्या जागी मांडी घालून बसला. त्याच्या मागं सोनम उभी होती. पाव्हण्यांना माळावर चहा घेऊन आली होती. किटलीला आता भिमाजीच्या डोक्याएवढा पोचा होता आणि राहिलेला चहा भिमाजीच्या सदऱ्यावर.

"माझ्या बापाला हात लावायचा न्हाई," सोनम म्हणाली. "त्यांनी गावाला हळद लावायला लावलीय मला जन्मभर, पर त्यांला दुसऱ्या कुणी मारायचं न्हाई!"

रविराज तिच्याकडं असा बघत होता, की त्याला कंपनीतनं काढून टाकलं असतं तरी कळलं नसतं.

भिमाजी भानावर आला. डोक्यावरनं हात फिरवला, हाताला लागलेला चहा बघितला. "मोडली!" तो ओरडला. "सोयरीक मोडली! ही पोरगी न्हाई, ही बापाचा उजवा हात हाय! चला रं, गाडी काढा!"

माळावर एकदम शांतता झाली. पाटसवाल्यांना कारण कळेना. उंबरमाळवाल्यांना बरोबर कळलं होतं. सोयरीक मोडली म्हणजे शब्द सुटला. शब्द सुटला म्हणजे हौसराव सुटला. केबलवाल्यानं हळूच वायर परत मनगटाला गुंडाळली. बबनराव सरपंचाच्या मागं लपायला बघत होता आणि सरपंच बबनरावच्या मागं.

पण हौसराव वळला नाही. गोटा हातात होता. टाकून वळता आलं असतं, एवढ्या जणांची खबर घ्यायची होती. त्याच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्यानं गोटा जरासा पुढं ढकलला, मग जरासा मागं. कान लावून ऐकावं तसा गाल दगडाला टेकवला. गोटा कुठं बसायचं म्हणतोय ते शोधत राहिला.

पळायची एवढी चांगली संधी, पण कुणी हलेना. नाकातनं रक्त गळणारे, नडग्या धरलेले, सगळे मान वर करून बघत होते. हौसरावनं गोटा केसभर फिरवला.  खाली बसलेला भिमाजीच न राहवून कुजबुजला, "जरा माझ्या अंगाला घ्या पाव्हणं. लई न्हाई. सुतभर."

"हितं?"

"थोडं आणिक. हां... हां... राहू द्या."

हौसरावनं एक हात काढला. मग दुसरा. गोटा हलला, सगळं गाव त्याच्याबरोबर हललं. गोटा थांबला. म्हाळू भगताच्या तोंडातनं "आगाय्या!" असं हळूच निघालं, आणि नकुशीनं नवऱ्याच्या खांद्यावर टेकलेलं डोकं लगेच काढून घेतलं.

आता हौसराव वळला. तोंडावरचं रक्त बंडीच्या बाहीला पुसलं. उजवा हात एकदा मिटला, एकदा उघडला. सगळ्यात जवळ भिमाजी बसला होता.

"पक्की!" भिमाजी बसल्या बसल्या मागं सरकत ओरडला. "पाव्हणं, सोयरीक पक्की! देवाचं तोंड नदीकडंच हाय, आत्ता नीट दिसलं मला!"

"पक्की! पक्की!" सगळं गाव एका सुरात ओरडलं. नदीवाले, गाववाले, सगळे. उंबरमाळात एवढं एकमत पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

हौसरावचा हात अर्ध्यात थांबला. त्यानं लेकीकडं बघितलं.

"करायची का गं ही सोयरीक?"

सोनमनं रविराजकडं बघितलं. रविराजनं एवढ्या जोरात मान हलवली, की बूटसुद्धा हलले. "करायची," ती म्हणाली.

"मग सुपारी फोडा," हौसराव म्हणाला.

भिमाजीला आनंद झाला होता. मग त्याला 'सुपारी फुटंपर्यंत' हा आपलाच निरोप आठवला, आणि तो आनंद तोंडावरच वाळला. "घाई काय हाय पाव्हणं? घरी जाऊ, हात-पाय धुऊ. चांगला मुहूर्त बघून..."

"हितंच फोडू, म्हणला हुतात."

"अडकित्ता न्हाई..."

रविराजनं बापाच्या खिशातनं सुपारी काढली, खडकावर ठेवली आणि बुटाच्या टाचेनं एकच दणका दिला. सुपारीचे चार तुकडे चार दिशांना उडाले. गावाला तो आवाज बंदुकीच्या बारासारखा लागला. सगळ्यात आधी केबलवाला पळाला.

"व्याही," हौसराव बाह्या वर करत म्हणाला. भिमाजीनं डोळे गच्च मिटले होते. "तुम्ही बसा सावलीला. व्याह्याला हात लावायची आमच्यात रीत न्हाई. सोनम, व्याह्यांच्या डोक्याला हळद लाव."

आणि तो उतारावरनं लंगडत, पण कुणाच्या अपेक्षेपेक्षा फार जोरात गावामागं लागला. पहिला बबनराव सापडला. मग एकाच हिसक्यात दोघं, डोक्यावर डोकं. म्हाळू भगत बाभळीवर चढला होता. हौसरावनं झाड हलवलं आणि म्हाळू आपसूक खाली आला. दातवाला "एकच मारला, दुसरा तुमच्याकडं तसाच हाय!" म्हणून ओरडत होता, त्याचा हिशोब हौसरावनं तिसऱ्या दातावर मिटवला.

भिमाजी एका डोळ्यानं बघत होता. सोनम त्याच्या टाळक्यावर देवापुढची हळद चेपत होती, जरा जोरातच. थोड्या वेळानं त्यानं दुसराही डोळा उघडला. मग गुडघ्यावर आला. मग उभा राहिला.

"व्याही!" तो नदीपार जाईल अशा आवाजात ओरडला. "त्यो वायरवाला वढ्यात शिरला बगा! डाव्या अंगाला!"

"कुणाच्या डाव्या?" खालनं हौसरावचा आवाज आला.

"तुमच्या, तुमच्या! थांबा, मीच येतो!" आणि पाटसचा देवाचा माणूस दुसरा जोडाही काढून हातात घेऊन उतारानं पळत सुटला.